रेडवॉल मराठीतून मोठ्याने कसं वाचावं

पहिली अडचण घुशीची आली.

इंग्रजीत 'माउस' वेगळा आणि 'रॅट' वेगळा. आपल्याकडे दोघेही उंदीर. आणि ब्रायन जेक्स यांच्या 'रेडवॉल' या मुलांसाठीच्या इंग्रजी कादंबरीत मठात राहणारे सज्जन पहिल्या जातीचे, तर मठावर चाल करून येणारी फौज दुसऱ्या जातीची. मी दोघांनाही उंदीर म्हणत वाचायला लागले, तर दुसऱ्याच रात्री मुलगा म्हणाला, "आई, कोण कोणाला मारतंय?" मग दुसऱ्यांना घुशी केलं. तेही फसलं, कारण घूस स्त्रीलिंगी. एका डोळ्याचा, शेपटीला विषारी काटा लावलेला, उधळलेल्या घोड्याच्या गवताच्या गाडीतून फौज घेऊन येणारा क्रूर क्लुनी, आणि मी वाचतेय, 'ती घूस गरजली'. पोरगा हसून हसून गादीवरून खाली. शेवटी आमच्या घरात 'घुशा' असा शब्द जन्माला आला. एक घुशा, अनेक घुशे. शब्दकोशात सापडणार नाही, पण तीन पुस्तकं पुरला आहे. हवा असेल तर खुशाल वापरा.

मी डोंबिवलीत राहते, दिवसभर बँकेच्या काउंटरवर असते आणि रात्री साडेनऊला वाचायला बसते. हातात इंग्रजी पुस्तक, तोंडात मराठी. श्रोते तीन: नऊ वर्षांचा मुलगा, खालच्या मजल्यावरची त्याची दहा वर्षांची मैत्रीण, आणि वाती वळत बसलेली माझी आई, जी आपण ऐकत नाही असं दाखवते आणि एखादी रात्र चुकली की सगळ्यात आधी तीच विचारते. 'रेडवॉल'च्या मालिकेत एकूण 22 कादंबऱ्या आहेत. पहिली 1986 साली आली, शेवटची 2011 साली, लेखक वारल्यानंतर. आमच्या तीन झाल्या, चौथी चालू आहे. एवढ्या अनुभवावर जे कळलं ते इथे लिहिते आहे.

मुलाला पुस्तक देऊन 'वाच' म्हणू नका

निदान पहिलं तरी नको. त्याचं कारण पुस्तकाच्या जन्मातच आहे, आणि ती गोष्ट पहिल्या रात्री मुलांना सांगावी, कारण ती पुस्तकातल्या गोष्टीइतकीच चांगली आहे.

जेक्स लिव्हरपूलचे. (स्पेलिंग बघून 'जॅक' किंवा 'जाक' म्हणायचा मोह होतो, पण त्यांच्याकडे उच्चार 'जेक्स' असाच.) जन्म 1939 चा, गोदीजवळच्या वस्तीत वाढले, पंधराव्या वर्षी शाळा सोडून जहाजावर गेले. पुढे आगगाडीच्या इंजिनावर कोळसा ओढला, गोदीत माल उतरवला, ट्रक आणि बस चालवली, पोलिसात होते, आणि दूधवाले होते. दुधाच्या फेरीत लिव्हरपूलची रॉयल वेव्हरट्री अंधशाळा लागायची. तिथल्या मुलांना ते पुस्तकं वाचून दाखवू लागले. हाताला येणारी पुस्तकं त्यांना आवडेनात, म्हणून मुलांसाठी स्वतःच एक लिहिलं. त्यांचे शाळेतले जुने शिक्षक ॲलन ड्युरबँड यांनी ते वाचलं आणि जेक्सना न सांगता प्रकाशकाकडे नेऊन दिलं. असे मास्तर सगळ्यांना मिळोत.

म्हणजे हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलं अंध होती. घंटेचा आवाज, ओल्या दगडाचा वास, भाजलेल्या पावाची पापुद्री दाताखाली मोडते तो क्षण, हे सगळं पानोपानी भरलेलं आहे ते त्यामुळे. नुसत्या डोळ्यांनी भराभर वाचणाऱ्याला ते पाल्हाळ वाटतं. माझा भाचा इंग्रजी शाळेत सातवीला आहे. त्याने स्वतः वाचायला घेतलं आणि चाळीस पानांत 'बोअर' म्हणून टाकलं. तोच दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा चौथ्या श्रोत्याच्या जागी बसला आणि जायच्या दिवशी पुस्तक मागून घेऊन गेला.

तेव्हा दिवा मंद करा, आणि पहिल्या रात्री मुलांना डोळे मिटायला सांगा. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं ('ती बघतेय!'), पण मठातली मेजवानी सुरू झाल्यावर दोघांचेही आपोआप मिटले.

आधी नावांचा निकाल लावा

ऐन वाचनात शब्द शोधत बसलात तर गोष्ट मरते. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर नावं पक्की करून तो कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा. पात्रांची विशेषनामं तशीच राहू द्यावीत: मॅथायस (हा गोष्टीचा नायक, मठातला तरुण उंदीर), कॉर्नफ्लॉवर, कॉन्स्टन्स, क्लुनी. मॅथायसचा 'माधव' करू नका. गोष्ट इंग्लंडातल्या वाटाव्या अशा रानातली आहे, तिथे माधव असायचं कारण नाही. पण जनावरं आणि हुद्दे मात्र मराठीत आणावेच लागतात, नाहीतर दर वाक्याला अडखळायला होतं.

'ॲबी' म्हणजे मठ, 'ॲबट' म्हणजे महंत. तळघरात पिंपं सांभाळणारा साळू म्हणजे कोठीवाला. (खरं तर साळू म्हणजे साळिंदर, आणि पुस्तकातलं काटेरी जनावर त्याहून पुष्कळ लहान आहे, पण मुलांना काटे कळले की झालं.) 'ऑटर'ला पाणमांजर आहेच, आमच्या कोकणात ऊद म्हणतात. पाणमांजरांच्या म्होरक्याला इंग्रजीत 'स्किपर' म्हणतात, त्याला मी तांडेल केलं आणि स्वतःवरच खूश झाले. होडीवरचा तांडेल ज्यांनी पाहिलाय त्यांना तो डोळ्यांपुढे उभा राहतो. 'श्रू'ला चिचुंद्री. मठातल्या बारक्या पिल्लांना जेक्स 'डिबन्स' म्हणतात, आमच्याकडे ती 'चिल्लीपिल्ली'.

'मोल'ने मात्र घाम काढला. आपल्या महाराष्ट्रात तो प्राणीच नाही. 'मोल' तसंच ठेवलं तर मुलांना किंमत आठवते, आणि शाळेत शिकवलेला 'तीळ' तर त्याहून वाईट. दोन रात्री अडून बसल्यावर आई वातीवरून मान वर न करता म्हणाली, "खणतत मा ते? मग खणके." खणके! आणि त्यांचा नायक 'फोरमोल', जो शब्द जेक्सनी 'फोरमन'वरून केला आहे, तो अर्थात मुकादम.

वीझल, स्टोट, फेरेट ही खलनायकांची पलटण. लांबुळकी, चपळ, मांसाहारी जनावरं. चित्रं बघून हात आपोआप 'मुंगूस' शब्दाकडे जातो. जाऊ देऊ नका. 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणत मुंगसाच्या मागे धावलेल्या कोणालाही मुंगूस खलनायक म्हणून पटणार नाही. मुलांना तर नाहीच, मलाही पटेना. त्यांना मी वीझल, स्टोट, फेरेटच ठेवलं. परके शब्द परक्या हल्लेखोरांना शोभतात. बॅजर, म्हणजे तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेलं बिळात राहणारं दांडगं जनावर, तोही तसाच राहिला, पण वेगळ्या कारणाने: कॉन्स्टन्स नावाची बॅजर इतकी दणकट बाई आहे की मुलांनी तिला 'बॅजरमावशी' करून टाकलं, आणि मग मराठी शब्दाची गरजच उरली नाही.

आवाज

इथे जास्त वेळ द्या. जेक्सच्या रानात प्रत्येक जातीची बोली वेगळी आहे. तीच या पुस्तकांची खरी गंमत, आणि भाषांतर करताना सगळ्यात आधी तीच सांडते.

खणके इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या शेतकऱ्यांसारखं घोळवून बोलतात, शब्दांत 'र' आणि 'झ' गुरगुरतात. इंग्रजी पानावर ते वाचताना जीभ अडकते. मी त्यांना मालवणी दिली, कारण माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि ती माझी स्वतःची बोली आहे. मुकादम खाली वाकतो, पंजा जमिनीला लावतो आणि म्हणतो, "महंतानू, हंय भुंय पोकळ आसा. माका पायांक कळता." झालं! त्या रात्रीपासून मुलांना खणक्यांशिवाय काही नको.

पण एक सांभाळा. आपल्या नाटका-सिनेमांत बोली बोलणारा म्हणजे नोकर नाहीतर विदूषक, ही खोड जुनी आहे. जेक्सचे खणके तसे नाहीत. मठात त्यांच्या अकलेला मान आहे. क्लुनीचे लोक तटाखालून भुयार खणत असतात ते मुकादमालाच आधी कळतं, आणि पुढे त्या भुयारात उकळतं पाणी ओतलं जातं. म्हणून बोली द्यायची तर आपली द्या. वऱ्हाडी तुमची असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी, आजी कोल्हापूरची असेल तर तिची. दुसऱ्याची उसनी घेऊन नक्कल केलीत तर मुलं हसतील, पण चुकीच्या ठिकाणी. आणि घरात ती बोली बोलणारं कोणी असेल तर ते संवाद सरळ त्यांच्याकडेच सोपवा. आमच्याकडे आता मुकादम आला की मी थांबते आणि आई बोलते. मी तिला इंग्रजी वाक्याचा अर्थ हळूच सांगते, बाकीचं ती बघते. कधीकधी पुस्तकात नसलेलंही बोलते.

सशांचा आवाज म्हणजे निवृत्त लष्करी अधिकारी. बेसिल स्टॅग हेअर हा ससा वाक्यागणिक 'काय, काय?' करतो आणि सतत खातो. प्रत्येक सोसायटीत एक असे काका असतातच, त्यांना डोळ्यांपुढे आणा आणि छाती पुढे काढून वाचा. छाती काढल्याशिवाय तो आवाज निघत नाही, मी करून पाहिलंय. चिमण्या तुटक बोलतात, भांडकुदळ. त्यांच्या वाक्यांतली क्रियापदं गाळा आणि मान झटके देत हलवा. अस्मोडियस नावाचा विषारी साप स्वतःचंच नाव फुत्कारतो. तिथे आवाज वाढवू नका, उलट इतका खाली आणा की मुलं जवळ सरकतील. क्लुनीसाठी ओरडायचा मोह होईल, पण मला तो हळू बोलणारा जास्त भीतीदायक वाटतो. शिवाय रात्री दहाला ओरडलात तर शेजारी येतात. एकदा आले होते.

सगळे आवाज पहिल्याच रात्री जमणार नाहीत. तीन निवडा, बाकीचे साध्या आवाजात वाचा. जेक्स यांनी स्वतः निवेदन केलेल्या, वेगवेगळ्या नटांचे आवाज असलेल्या ध्वनिफिती आहेत. त्यातली दहा मिनिटं एकट्याने ऐका, म्हणजे खणक्यांचा हेल कळेल. मुलांना आधी ऐकवू नका, नाहीतर तुमची तुलना लिव्हरपूलच्या माणसाशी होईल आणि तुम्ही हराल.

तयारी लोकलमध्ये

रात्री वाचायची दोन प्रकरणं मी सकाळच्या गाडीत वाचून ठेवते. हातात पेन्सिल. अवघड शब्दावर मराठी शब्द लिहायचा, लांबलेलं वर्णन कंसात टाकायचं, आणि जिथे थांबायचं तिथे आडवी रेघ मारायची. प्रकरणं छोटी आहेत आणि बहुतेकांचा शेवट कोणीतरी संकटात असताना होतो, त्यामुळे थांबण्याची जागा शोधावी लागत नाही. उलट न थांबण्यासाठी होणाऱ्या विनवण्यांना तयार राहावं लागतं. पहिल्या पुस्तकाचे तीन भाग आहेत: भिंत, शोध, योद्धा. दुसऱ्या भागात एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गोष्ट चालते आणि मुलं हरवतात. तेव्हा जमिनीवर खडूने मठ काढा, बाहेर रान, आणि कोण कुठे आहे ते शेंगदाणे ठेवून दाखवा. क्लुनी म्हणजे चिंचोका. (शेंगदाणे खाल्ले जातात. जास्तीचे जवळ ठेवा.)

पद्यं पुष्कळ आहेत. त्यांचं भाषांतर करत बसू नका, नाहीतर गाडीतला सगळा वेळ तिथेच जातो. मेजवानीचं गाणं असेल तर भोंडल्याच्या चालीवर दोन ओळी जुळवा आणि मुलांना पुढे ढकलू द्या. आमचं एक असं होतं: 'कोठीत शिरला साळू बाई साळू, पिंप लागलं गळू बाई गळू.' याच्यापुढे मुलांनी जे जोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोड्यांचं मात्र तसं चालत नाही, कारण त्यांच्यावर गोष्ट पुढे सरकते. पहिल्या पुस्तकातलं मुख्य कोडं इंग्रजी अक्षरांचंच आहे: 'ॲम दॅट इज' या तीन शब्दांतली अक्षरं उलटसुलट केली की 'मॅथायस' हे नाव निघतं. हे मराठीत होत नाही. मी आठ चिठ्ठ्यांवर आठ इंग्रजी अक्षरं लिहिली, ए, एम, टी, एच, ए, टी, आय, एस, आणि मॅथायस आणि मठातला म्हातारा उंदीर मेथुसेला डोकं खाजवत असतात त्या जागी पुस्तक मिटून चिठ्ठ्या मुलांपुढे टाकल्या. मुलीने सहा मिनिटांत सोडवलं. मुलगा दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्याशी बोलला नाही. चिठ्ठ्या दुपारीच करून ठेवा, आणि तोपर्यंत मॅथायसचं स्पेलिंग मुलांच्या नजरेला एकदा तरी पडू द्या, एवढंच.

आणि काळा गोटा. मॉसफ्लॉवरच्या रानातल्या चिचुंद्र्यांची एक लढाऊ युनियन आहे, 'गुओसिम' नावाची. त्या इतक्या भांडतात की त्यांचा नियम आहे: ज्याच्या हातात दगड त्यानेच बोलायचं. आम्ही तसा एक गोटा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आणला. वाचताना प्रश्न विचारायचा असेल तर आधी गोटा हातात घ्यायचा. अर्धे प्रश्न गोट्यापर्यंत पोचेपर्यंत विसरले जातात, वाचणाऱ्याचा घसा वाचतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत तो न्यावा असं मला दर वर्षी वाटतं.

मरण येतं तेव्हा

गोंडस उंदरांचं मुखपृष्ठ बघून फसू नका. ही युद्धकथा आहे आणि चांगली माणसं, म्हणजे जनावरं, मरतात. पहिल्याच पुस्तकात मेथुसेलाचा खून होतो, आणि शेवटी विजयाच्या दिवशी म्हातारे महंत जातात, क्लुनीच्या शेपटीच्या विषाने. मी पहिल्यांदा वाचताना महंतांचं मरण गाळायचा विचार केला होता. पण ते जाताना सगळ्यांशी एकेक करून बोलतात, ते गाळलं तर पुस्तकाचा शेवटच उरत नाही.

मी एवढंच करते: ज्या प्रकरणात कोणी जाणार असेल ते शनिवारी येईल असं बघते, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा नसते आणि रात्री लांबलेलं बोलणं चालतं. आणि ते प्रकरण संपलं की त्या रात्री दुसरं वाचत नाही. मेथुसेला गेला त्या रात्री मुलाने आजोबांचं विचारलं, माझ्या वडिलांचं, जे तो तीन वर्षांचा असताना गेले. आईने वाती खाली ठेवल्या आणि तिनेच उत्तर दिलं. ते मी ऐकत बसले.

सहा वर्षांखालच्या मुलांना ही पुस्तकं देऊ नयेत असं माझं मत आहे. आठ हे बरं वय.

'घुशे सगळे वाईटच का?'

हा प्रश्न येतोच. आमच्याकडे तो गणेशोत्सवात आला, मूर्तीच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे बोट दाखवून. जेक्सच्या जगात जात बघून स्वभाव ठरतो: उंदीर, खणके, ससे, पाणमांजरं चांगली, घुशे, कोल्हे, फेरेट वाईट. मोठ्यांना हे खुपतं, मलाही खुपतं, आणि ते मुलांपासून लपवायची गरज नाही. लेखकाचं चुकलं असं म्हणायला मुलं तयारच असतात.

पुढच्या पुस्तकांत याची थोडी झटापट आहे. 1994 च्या 'द बेलमेकर'मध्ये ब्लॅगट नावाचा एक समुद्री घुशा आहे, मनाने साधा, मुलांत रमणारा. 1995 च्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल'मध्ये व्हेल नावाचं फेरेटचं तान्हं पोर मठात वाढतं, ब्रायनी नावाची उंदरी त्याला आईसारखं सांभाळते. त्याचा शेवट मी इथे सांगत नाही, पण तो मला पटलेला नाही. मी स्वतः वाचून ठेवलं आहे, मुलांना द्यायचं तेव्हा गोटा फिरवून भरपूर भांडणार आहे.

खाणं

जेवल्यावर वाचा. जेवणाआधी वाचलंत तर पोळी-भाजीला कोणी हात लावणार नाही.

जेक्स लहान असताना ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं. 1940 मध्ये सुरू झालं ते पूर्ण उठलं 1954 मध्ये, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. लोणी, साखर, अंडी मोजून मिळण्याच्या दिवसांत वाढलेला मुलगा मोठेपणी मेजवानीचं वर्णन लिहितो तेव्हा एकही पदार्थ सोडत नाही. मठात मांस नाही, पण मासे चालतात. पहिल्याच मेजवानीसाठी मॅथायस मठाच्या तळ्यातून मोठा ग्रेलिंग मासा ओढून आणतो. मठातले संन्यासी मासे खातात हे ऐकून आई म्हणाली, "म्हंजे सारस्वतच ते."

वाचताना पदार्थांची नावं बदलू नका. स्कोनचं थालीपीठ केलंत की चव जाते, दोन्हीची. त्याऐवजी एखादा पदार्थ खरोखर करा. स्ट्रॉबेरी कॉर्डियल सगळ्यात सोपं: थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हा पाव किलो घ्या, दीडशे ग्रॅम साखर आणि वाटीभर पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, गाळा, अर्धं लिंबू पिळा, गार झालं की पाणी घालून द्या. पाकातल्या चेस्टनटसाठी चेस्टनट कुठून आणणार? फणसाच्या आठळ्या घ्या. त्या शिजल्यावर तशाच पिठूळ आणि गोडसर लागतात. कुकरला तीन शिट्ट्या, वरचं साल काढून तव्यावर डाग पडेपर्यंत परता, मग गुळाच्या पाकात घोळवा. हे मी अभिमानाने सांगते, कारण माझ्या मते मूळ पदार्थापेक्षा हे चांगलं असणार. पाणमांजरांचं तिखट कोळंबीचं सूप म्हणजे आईचं सुंगटांचं सार, त्याला वेगळी कृती लागली नाही.

खणक्यांचा लाडका पाय, बीट, बटाटा आणि टर्निपचा, हा जरा खटपटीचा. टर्निपऐवजी नवलकोल चालतो. भाज्या उकडून, मीठ-मिरी-लोणी घालून, कणकेच्या जाड पारीत भरायच्या. आमच्याकडे ओव्हन नाही, म्हणून जाड कढईत मीठ पसरून त्यावर ताटली ठेवून झाकणाखाली भाजला. पहिल्या वेळी खालची पारी कोळसा झाली. ताटलीखाली लोखंडी रिंग ठेवायची असते, आणि आच शेवटपर्यंत बारीक. पाऊण तास धरा.

कुठलं आधी

गोष्टीतल्या काळाप्रमाणे लावलं तर 'लॉर्ड ब्रॉकट्री' सगळ्यात आधी येतं. तसं लावू नका. ते 2000 साली लिहिलेलं आहे आणि वाचणाऱ्याला हे जग माहीत आहे असं धरून चालतं. मी स्वतः चुकलेच होते: रद्दीच्या दुकानात 'मॅटिमिओ' मिळालं म्हणून तिथूनच सुरुवात केली, आणि आठवड्याने कळलं की हा मॅथायसचा मुलगा आणि आपण बापाची गोष्ट वाचलेलीच नाही. पुस्तक मिटून कपाटात, मुलांचा निषेध, मग 'रेडवॉल'चा शोध.

आमचा क्रम असा झाला: 'रेडवॉल', मग 'मॅटिमिओ' (1989), कारण मुलांना तीच मंडळी पुढे हवी होती, मग मागे जाऊन 'मॉसफ्लॉवर' (1988), ज्यात मठ बांधला जाण्याआधीची गोष्ट आहे. तिथे गॉन्फ नावाचा चोर उंदीर भेटतो, गाणी म्हणत चोऱ्या करणारा, आणि आई त्याच्या प्रेमात पडली आहे. 'रेडवॉल'मध्ये मठाच्या भिंतीवरच्या पडद्यावर नुसता विणलेला दिसणारा मार्टिन योद्धा तिथे जिवंत, तरुण येतो. मुलांनी त्याला आधी चित्रात पाहिलेलं असलं की तो येतो तेव्हा खोलीत शांतता होते. म्हणून 'रेडवॉल'च्या आधी 'मॉसफ्लॉवर' नको.

'मार्टिन द वॉरियर' (1993) आता चालू आहे. त्यात रोझ नावाची उंदरी आहे, आणि मी पुढचं गाडीत वाचलेलं आहे. मुलगी गेल्या आठवड्यात गोटा हातात घेऊन म्हणाली की मार्टिनचं लग्न रोझशीच होणार, तिला माहीत आहे. मी पेन्सिलची रेघ तीन प्रकरणं अलीकडे सरकवली आहे. येत्या शनिवारी आईकडे पाहुणे आहेत, त्याच्या पुढच्या शनिवारी वाचू.